अरबी शिकायची तर मराठी सोडू नका

बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात किंवा इंदापूरच्या कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालयात इंग्रजी घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलामुलींपुढचे रस्ते जवळजवळ ठरलेले असतात. बी.एड., स्पर्धा परीक्षा, नाहीतर एम.ए. करून कुठेतरी तासिका तत्त्वावर शिकवणं. या मुलामुलींपैकी काहींना मात्र भाषेचीच ओढ असते, आणि एखाद्याच्या मनात कधीतरी अरबीचा विचार येतो. तो आला की सल्ले सुरू होतात. बहुतेक सल्ले आखाताकडे बोट दाखवतात: सहा महिन्यांचा डिप्लोमा करा, दुबई गाठा, दुभाष्याचं काम मिळेल. हा लेख त्या वाटेबद्दल नाही. अरबी आणि इंग्रजी यांचा भाषाशास्त्रीय अभ्यास, त्यांच्यातला अनुवाद आणि भाषाशिक्षण हेच ज्याला आयुष्याचं काम करायचं आहे, विद्यापीठात शिकवायचं आणि संशोधन करायचं आहे, त्याने काय करावं एवढंच इथे मांडायचं आहे. म्हणणं आधीच सांगून टाकलेलं बरं. अरबी-इंग्रजी ही जोडी पक्की करावीच लागेल, त्यात सूट नाही; पण या क्षेत्रात तुमची जागा होईल ती मराठीमुळे. मराठी बाजूला ठेवून निव्वळ या जोडीमागे धावणाऱ्याला कायम दुसऱ्या रांगेत बसावं लागण्याची शक्यता जास्त आहे.

असं म्हणायला कारण आहे, आणि ते शोधायला पुण्यापलीकडे जावं लागत नाही. येमेन, इराक, सुदान या देशांतले विद्यार्थी गेली कित्येक वर्षं पुण्यात येऊन इंग्रजीत आणि भाषाशास्त्रात एम.ए., पीएच.डी. करत आले आहेत. काही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, काही डेक्कन कॉलेजात. त्यांच्या प्रबंधांचा एक आवडता प्रकार म्हणजे अरबी आणि इंग्रजी यांची तुलना: काळांची, कर्मणी प्रयोगाची, अव्ययांची, विनंती करण्याच्या रीतींची, इंग्रजी शिकताना अरबी विद्यार्थ्यांकडून होणाऱ्या चुकांची. ही माणसं मायदेशी जाऊन तिथल्या विद्यापीठांत हेच विषय शिकवतात. अरबी त्यांची मातृभाषा आहे आणि इंग्रजी त्यांनी पदवीपासून घोटलेली असते. एखादं वाक्य अरबी कानाला खटकतं की नाही, हे त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. आता इंदापूरहून निघालेल्या विद्यार्थ्याने विशीत अरबी सुरू करून याच विषयावर प्रबंध लिहिला, तर परीक्षक साहजिकच विचारणार: यात नवीन काय आणि तुम्हीच का? या प्रश्नाला नुसत्या मेहनतीचं उत्तर पुरत नाही. ज्या विषयात तुमच्याकडे असलेलं ज्ञान त्यांच्याकडे नाही, असा विषय हाती असावा लागतो.

तो विषय कुठे आहे, हे मराठी वाचकाच्या कपाटातच दिसतं. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ हे नाव मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्या मराठीत आणायला सुरुवात केली, आणि नाव अरबीचं असलं तरी आणल्या इंग्रजीवरून. पुढे विसाव्या शतकात गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी खंडांवरून अरेबियन नाइट्स मराठीत केलं. त्यांचं विंचुर्णी हे गाव फलटण तालुक्यातलं, म्हणजे बारामतीहून नीरा ओलांडली की आलंच. दोन्ही कामं मोठी, दोघांनाही मराठी वाचकाने डोक्यावर घेतलं. पण त्यांच्या आणि अरबीच्या मध्ये प्रत्येक वेळी एक इंग्रज उभा होता, आणि बर्टनसारखा हौशी, अघळपघळ, स्वतःच्या टिपांच्या प्रेमात पडलेला इंग्रज मध्ये असला की काय होतं, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. नजीब महफूझना १९८८ साली नोबेल मिळालं, ओमानच्या जोखा अल्‌हार्थी यांच्या कादंबरीला २०१९ साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. तरी आपल्याकडे अरबी साहित्य येतं ते बहुतांश इंग्रजीचं बोट धरूनच.

इंग्रजी मध्ये आल्याने नेमकं काय हरवतं, हे एका साध्या वाक्यावर पाहता येतं. बाईला उद्देशून ‘तू गेलीस’ म्हणायचं तर अरबीत ‘ज़हब्ती’ म्हणतात आणि पुरुषाला ‘ज़हब्ता’. मराठीतही तेच: ‘तू गेलीस’, ‘तू गेलास’. दोन्ही भाषांत समोरच्याचं लिंग क्रियापदावरच उमटतं. इंग्रजीत मात्र दोन्हींचं एकच वाक्य होतं, ज्यात बाई की पुरुष, एक की अनेक, काहीच कळत नाही. मग इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो. माणूस असेल तर मागचंपुढचं वाचून बांधतो. यंत्र असेल तर पुष्कळदा सरळ पुल्लिंग करून टाकतं. दोन्ही टोकांना असलेली गोष्ट मधल्या मुक्कामात गळते. यंत्र-अनुवादाच्या अभ्यासात अशा मध्यस्थ भाषेमुळे होणाऱ्या हानीवर गंभीर काम चालतं. अरबी-इंग्रजी-मराठी हा त्रिकोण त्यासाठी फार सोयीचा आहे. इथे येमेनी संशोधकाला मराठी येत नाही आणि इंग्रज प्राध्यापकालाही येत नाही. तुम्हाला येते.

बारामतीचं म्हणाल तर इथल्या विद्यार्थ्याला विषय शोधायला गावाबाहेरही जावं लागू नये. मोरोपंत (१७२९–१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहिले आणि कऱ्हेकाठी बसून त्यांनी महाभारत आर्येत आणलं. त्यांनी एकशे आठ रामायणं रचल्याचं सांगतात. त्यांतलं ‘निरोष्ठ रामायण’ प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं टाळून लिहिलेलं आहे. शाळेत हे कवीचं चातुर्य म्हणून सांगतात आणि पुढे जातात. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने इथे थांबायला हवं, कारण अरबीत या प्रकाराची मोठी परंपरा आहे. आठव्या शतकातल्या वासिल इब्न अता यांना ‘र’ उच्चारता येत नसे, म्हणून त्यांनी ‘र’ टाळून अख्खं प्रवचन दिलं, ते आजही नमुना म्हणून सांगितलं जातं. बसऱ्याचे अल्‌-हरीरी (१०५४–११२२) यांच्या ‘मक़ामात’ या यमकबद्ध गद्यातल्या कथासंग्रहामध्ये ज्यांच्या अक्षरांना एकही नुक्ता नाही अशा शब्दांचंच एक प्रवचन आहे. ‘मक़ामात’चा अनुवाद होऊ शकत नाही असं शतकानुशतकं म्हटलं गेलं. मग कॅलिफोर्निया विद्यापीठातले अरबीचे प्राध्यापक मायकेल कूपरसन यांनी २०२० साली पन्नास मक़ामांसाठी इंग्रजीच्या पन्नास वेगवेगळ्या तऱ्हा वापरून तो केला. अशा बंधनातल्या लेखनाचा अनुवाद कसा करावा, यावर आज जगभर बोललं जातं. त्या चर्चेत मोरोपंतांचं नाव घेणारा कुणी नाही, कारण ज्यांना हरीरी वाचता येतो त्यांना मोरोपंत वाचता येत नाही आणि ज्यांना मोरोपंत वाचता येतो त्यांनी अरबीची वाट धरली नाही. हे दोन्ही वाचू शकणारा एक माणूस बारामतीतून निघाला तर त्याला ‘तुम्हीच का’ असं कुणी विचारणार नाही.

आता तयारीकडे वळू. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो तो वेळेचा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशिक्षण संस्था इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना कामापुरती अरबी यायला सुमारे २,२०० वर्गतास धरते. स्पॅनिशला याचा साधारण तिसरा हिस्सा पुरतो. रोज दोन तास, एकही दिवस न चुकवता, असा नेम धरला तरी तीन वर्षं होतात. म्हणजे बी.ए.च्या पहिल्या वर्षी सुरुवात केली तर एम.ए.ला जाताना वर्तमानपत्र वाचता येईल, एम.ए. झाल्यावर सुरुवात केली तर पीएच.डी.ची उमेदीची वर्षं मुळाक्षरांतच जातील. मराठी विद्यार्थ्याला काही गोष्टी सोप्या जातात, हे खरं. क्रियापदाला लिंग असतं याचं त्याला नवल वाटत नाही. ज्याने शाळेत संस्कृत घेतलं त्याला द्विवचन आणि विभक्ती यांची धास्ती नसते, कारण अरबीतही द्विवचन आहे आणि विभक्ती तीनच आहेत. ज्यांनी लहानपणी मकतबात कुराण पठण केलं आहे, त्यांना लिपी आणि उच्चारस्थानं आधीच ठाऊक असतात. तजवीदमध्ये, म्हणजे पठणाच्या नियमांत, जिभेचं टोक कुठे टेकवायचं हे ज्या काटेकोरपणे शिकवतात, तो ध्वनिशास्त्राचाच पाठ असतो. अशा विद्यार्थ्यांनी मात्र एका गैरसमजापासून सावध राहावं. लिपी वाचता येणं म्हणजे भाषा येणं नव्हे. अरबी उर्दूच्या मार्गाने शिकू नये हेही तितकंच महत्त्वाचं. उर्दूत चार वेगवेगळी अक्षरं एकाच ‘ज़’ने उच्चारली जातात, अरबीत ते चार वेगळे ध्वनी आहेत, आणि एकदा जिभेला चुकीचं वळण लागलं की ते काढायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आणखी एक निवड सुरुवातीलाच करावी लागते. पुस्तकांची, बातम्यांची, भाषणांची अरबी म्हणजे फुसहा. घरात आणि बाजारात ती कुणीच बोलत नाही. कैरोत एक बोली, बगदादमध्ये दुसरी, मोरोक्कोत तर तिसरंच काही. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली एका समाजात एकाच भाषेची उच्च आणि बोली अशी दोन रूपं नांदण्याचा सिद्धान्त मांडला, तेव्हा त्यांच्या चार उदाहरणांत अरबी होती. प्रमाण मराठी आणि इंदापूरकडची बोली यांत अंतर आहे, पण अरबीतलं अंतर त्याहून पुष्कळ मोठं. अकादमिक वाटेवर जायचं असेल तर फुसहापासून सुरुवात करून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक बोली धरावी. कोणती धरावी, तर जिचे बोलणारे पुण्यात तुम्हाला भेटतात ती. पुण्यातल्या येमेनी, इराकी विद्यार्थ्यांना मराठीचा किंवा शैक्षणिक इंग्रजी लेखनाचा हात हवा असतो; तुम्हाला त्यांची बोली हवी असते. हा देवघेवीचा व्यवहार कुठल्याही महागड्या वर्गापेक्षा चांगला चालतो. वर्गासाठी पुणे कॅम्पातलं पूना कॉलेज जवळचं. पूर्णवेळ पदवी करायची तर मुंबई विद्यापीठाचा अरबी विभाग, दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ किंवा हैदराबादचं इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ, ज्याला सगळे ईफ्लू म्हणतात. घरी बसून अभ्यास करणाऱ्याने हान्स वेरचा अरबी-इंग्रजी कोश घ्यावा. त्यात शब्द वर्णक्रमाने नसून धातूंनुसार लावलेले आहेत, त्यामुळे पहिले काही महिने शब्द सापडतच नाहीत. चिडून मोबाइलवरच्या कोशाकडे वळू नये. धातू ओळखण्याची ती सक्तीची कसरतच पुढे उपयोगी पडते.

एम.ए. कशात करावं हा खरा पेच आहे, आणि याचं उत्तर प्रेमाने द्यायचं नसून हिशेबाने द्यायचं आहे. सहायक प्राध्यापक होण्यासाठी संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. अरबीत एम.ए. केलं तर अरबीच्या जागा, आणि महाराष्ट्रात त्या थोड्या. केरळ, दिल्ली, अलीगढ, हैदराबादकडे जायची तयारी हवी. इंग्रजीत एम.ए. केलं तर जागा प्रत्येक तालुक्यात, पण उमेदवारही प्रत्येक तालुक्यात. भाषाशास्त्रात एम.ए. केलं तर विभाग मोजके, पण अरबी आणि मराठी दोन्ही तिथे एकत्र कामी येतात, शिवाय भाषा-तंत्रज्ञानाची दारंही उघडी राहतात. माझं मत तिसऱ्या पर्यायाकडे झुकतं, आणि डेक्कन कॉलेज हाताशी असताना पुणे जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याने त्याचा विचार न करणं हा निव्वळ आळस आहे. १९३९ पासून तिथे भाषाशास्त्राचा विभाग आहे. ज्यांना घरची ओढाताण आहे आणि लवकर नोकरी हवी आहे, त्यांनी मात्र इंग्रजीत एम.ए. करून अरबी समांतर चालू ठेवावी. यात कमीपणा काही नाही. नेट अरबी, इंग्रजी आणि भाषाशास्त्र या तिन्ही विषयांत देता येते. एम.ए.ला ५५ टक्के (आरक्षित गटांना ५०) लागतात. नेटला वयाची अट नाही, पण जेआरएफला (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीला) तीस वर्षांची मर्यादा आहे आणि राखीव गटांना, महिलांना सवलत आहे. जेआरएफ मिळाली तर सुरुवातीची दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. ती हुकली तर आपापल्या गटानुसार बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या संशोधन अधिछात्रवृत्ती आहेत. त्यांच्या जाहिराती वेळेवर पाहणं हा अभ्यासाचाच भाग समजावा.

यावर आक्षेप येणारच, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला घरातून येतो: नोकरीची हमी काय? हमी नाही. प्राध्यापकाच्या जागा वर्षानुवर्षं रखडतात, तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांची हलाखी बारामतीत सगळ्यांना माहीत आहे. पण ती हमी इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र यांतही राहिलेली नाही. फरक एवढाच की त्या विषयांत एका जागेला शेकड्याने अर्ज येतात. शिवाय अरबी येणाऱ्याला वाट पाहण्याच्या वर्षांत पोट भरता येतं. पुण्याच्या रुग्णालयांत आखातातून आणि येमेन-इराकमधून रुग्ण येतात, त्यांना दुभाषे लागतात. इंदापूरची डाळिंबं आणि केळी आखातात जातात. निर्यातदाराला तिथल्या खरेदीदाराची कागदपत्रं वाचून सांगणारा माणूस हवा असतो. ही कामं कमी लेखू नयेत, पण त्यांत अडकूनही पडू नये. अमुक ठिकाणी बरे पैसे मिळतात म्हणून प्रबंध लांबत गेला की तो होत नाही. दुसऱ्या टोकाला संयुक्त राष्ट्रांत अनुवादक होण्याचं स्वप्न पाहणारे असतात, कारण १९७३ पासून अरबी तिथली अधिकृत भाषा आहे. तिथे अनुवादक आपल्या मुख्य भाषेत अनुवाद करतो, आणि मराठी तिथल्या सहा अधिकृत भाषांत नाही. हे आधीच कळलेलं बरं.

दुसरा आक्षेप यंत्राचा. अनुवाद आता फोन करतो, मग माणूस कशाला? फुसहातली बातमी इंग्रजीत आणायला यंत्र पुष्कळ चांगलं झालं आहे, हे मान्य करावं. पण बोली, विनोद, कायद्याचा मजकूर, जुनं गद्य इथे ते ठेचकाळतं, आणि अरबी-मराठीत तर वर पाहिलेली गळती आहेच. संशोधकाच्या दृष्टीने यंत्राच्या चुका ही कच्च्या मालाची खाण आहे. सरकारच्या भाषिणी या यंत्र-अनुवाद प्रकल्पात मराठी आहे, अरबी नाही; जागतिक वृक्षकोश प्रकल्पांत, म्हणजे वाक्यांची रचना खुणा करून नोंदवणाऱ्या संग्रहांत, अरबीचे मोठमोठे संग्रह आहेत, मराठीचा फारच लहान. या दोन्हींच्या मधली भिंत कुणीतरी फोडायला हवी, आणि ते काम संगणकवाल्यांना एकट्याने जमणारं नाही.

तिसरा आक्षेप बोलून दाखवला जात नाही, पण असतो: अरबी ही मुसलमानांची भाषा, आपल्या मुलीने ती कशाला शिकायची? पण अरबी एकाच धर्माची कधीच राहिली नाही. अरबी बायबलचा प्रसिद्ध अनुवाद १८६५ साली बैरूतमध्ये पूर्ण झाला. ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीसने आपला मुख्य तात्त्विक ग्रंथ अरबीत लिहिला. आपलं पंचतंत्र पहलवीमधून आठव्या शतकात इब्न अल्‌-मुक़फ्फाच्या हातून अरबीत गेलं, ‘कलीला व दिम्ना’ झालं आणि तिथून युरोपभर पसरलं. मराठी माणसाने अरबी शिकणं हे या जुन्या येण्याजाण्याचंच पुढचं पाऊल ठरेल.

शेवटी संशोधनाच्या विषयाकडे, कारण प्रवेशाच्या मुलाखतीत सगळं त्यावर ठरतं. गम्पर्झ आणि विल्सन या भाषाशास्त्रज्ञांनी सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांची वाक्यं ऐकून त्या भाषा रचनेने एकमेकींच्या किती जवळ सरकल्या आहेत ते दाखवलं. १९७१ सालचा तो निबंध आजही जगभरच्या भाषासंपर्काच्या अभ्यासक्रमांत वाचला जातो. एका गावावर एवढं होऊ शकतं. बारामती-इंदापूर पट्ट्यात मुस्लीम घरांमध्ये बोलली जाणारी दख्खनी, तिच्यात मराठीची वाक्यरचना किती शिरली आहे? मकतबात शिकलेल्या मुलांच्या तोंडी अरबी ध्वनी मराठीच्या कोणत्या ध्वनींकडे झुकतात? मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याला अरबीची शब्दघडण इंग्रजीमार्गे शिकवावी की मराठीतून? यांपैकी कुठलाही एक प्रश्न पीएच.डी.ला पुरेसा आहे. मार्गदर्शकाला पत्र लिहिताना विषयाचं मोठं नाव देऊन भागत नाही. सोबत नमुना जोडा: दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण, त्यातली वीस वाक्यं आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत, प्रत्येक वाक्याखाली शब्दागणिक अर्थ आणि त्याखाली इंग्रजी अनुवाद. दोन-तीन पानांत हे बसतं आणि लांबलचक आराखड्यापेक्षा लवकर पटतं. ज्यांचा आवाज घेतला त्यांची लेखी संमती त्याच दिवशी घ्या, मूल असेल तर पालकांची. विद्यापीठ ती मागतं, आणि वर्षभराने पुन्हा गावोगाव फिरून सह्या गोळा करायला गेलात तर निम्मी माणसं सापडत नाहीत.